सावर्डे जेट्टी १:८७ – प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२४

शेवटी प्लायवूड आणलं. ९० बाय ६० चे दोन तुकडे, गाडीच्या डिकीत बसतील एवढेच, कारण मागचा मॉडेल रेल्वेचा लेआउट घराबाहेरच काढता आला नव्हता आणि दार उखडायची वेळ आली होती. यावेळी आजोळ करायचंय. गोव्यातलं कुडचडे-सावर्डे, साल १९७५ च्या आसपास, मीटरगेजचं स्टेशन, वायजी म्हणजे मालगाडीचं वाफेचं इंजिन, मागे खनिजाच्या वाघिणी, आणि पुढे कडेला नदीची एक पट्टी, तीत एक बार्ज, म्हणजे खनिज वाहणारी मालवाहू बोट. पट्टी वीस सेमीची पुरे, मेन आयटम ट्रेनच आहे.

स्केल १:८७. मीटरगेजच्या दोन रुळांत अंतर एक मीटर, भागिले ८७ म्हणजे साडेअकरा मिलिमीटर, आणि बाजारात बारा मिलिमीटरचा रूळ मिळतो, अर्ध्या मिलिमीटरसाठी कोण भांडतंय.

स्टेशन आणि नदी मी जवळ ओढून घेतलेत. नकाशा घेऊन कोणी मोजायला बसू नका.

१३ जानेवारी

रूळ टाकायच्या आधी जरा वाचून घेऊ म्हटलं, आणि तिथेच अडकलो. मला लहानपणापासून वाटायचं की ही लाइन खनिजासाठीच टाकली असणार. वास्को ते सावर्डे सगळीकडे लाल धूळ, मग दुसरं काय वाटणार. तसं अजिबात नाही. १८७८ च्या डिसेंबरात लिस्बनला इंग्रज-पोर्तुगीज करार झाला, त्यातून ही रेल्वे आली. कंपनीचं नाव वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे, यातला गॅरंटीड शब्द महत्त्वाचा, म्हणजे भांडवलावरच्या व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारची. मुरगावचं बंदर आणि रेल्वे दोन्ही त्याच कंपनीने बांधलं. १८८७ ला गाडी मुरगावहून सावर्ड्यापर्यंत आली, १८८८ ला घाट चढून ब्रिटिश हद्दीला भिडली. गोव्यातली लाइन जेमतेम ८२ किलोमीटर. घाटावरचा कापूस, धान्य, सगळा माल मुंबईऐवजी मुरगावला उतरेल असा हिशोब होता. माल काही तसा आला नाही आणि हमीचं व्याज पोर्तुगीज तिजोरी भरत बसली.

आता खरी गंमत. त्याच करारात मीठ होतं. गोव्याच्या मिठावरचा ताबा इंग्रजांना दिला, बदल्यात पोर्तुगीजांना वर्षाला चार लाख रुपये. मिठागरं म्हणजे गोव्याच्या किनाऱ्यावरचा जुना धंदा, गोव्याचं मीठ होड्यांतून लांबलांब जायचं, आणि एका सहीने त्यावर कुलूप. १८९२ ला करार संपला पण तोवर आगरांचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. म्हणजे रेल्वेने येता येताच होडीवाल्यांच्या पोटावर पाय दिला, तोही एक वाघीण हलायच्या आधी. हे मला माहीतच नव्हतं, आणि आईला विचारलं तर ती म्हणे आमच्याकडे मीठ नेहमी बाहेरूनच यायचं. बरोबरच आहे म्हणा, कुडचडे आतमध्ये आहे.

लेआउटवर मीठ कुठे दाखवणार हा प्रश्न. गुड्स शेडमध्ये दोन पोती ठेवतो. दिसणार कोणालाच नाहीत.

२१ जानेवारी

रूळ टाकले. मेन लाइन, लूप (बाजूने जाऊन परत मिळणारा रूळ), एक सायडिंग (गाडी बाजूला उभी करायला). सॉल्डरिंग करताना बोट भाजलं, नेहमीचंच.

वायजीचं किट कुठेच मिळत नाही. एका जर्मन मीटरगेज इंजिनाचं चासी मिळालंय, वरचं सगळं सनबोर्ड आणि पितळी तारेने करावं लागणार. दोन-आठ-दोन चाकं आहेत एवढंच काय ते जुळतंय.

२७ जानेवारी

मामाला व्हिडिओ कॉल केला. मामा १९७४ पासून बार्जवर, आधी खलाशी, मग सारंग, म्हणजे बार्जचा कप्तान. त्याच्यासोबत अर्धी मंडळी दापोली-गुहागरकडची असायची, त्यामुळे त्याची कोकणी, मराठी, हिंदी सगळी एकाच पातेल्यात शिजलेली. मी कॅमेरा फिरवून रूळ दाखवले, स्टेशन दाखवलं, मग सनबोर्डची बार्ज दाखवली जी मी दोन रात्री जागून केली होती. हसायलाच लागला. "हें कितें रे, भुरग्यांचें खेळणें?"

चूक काय, तर मी बार्ज पाण्याच्या वर छान दोन सेमी काढली होती, जहाजासारखी. मामा म्हणतो भरलेली बार्ज दिसते कुठे. दिसते ती मागची केबिन आणि मधे खनिजाचा ढीग, बाकी सगळी पाण्याखाली. काठावरून बघितलं तर वाटतं लाल मातीचा एक ढिगारा आपला आपणच नदीतून चाललाय आणि मागून एक पत्र्याची खोली त्याला ढकलतेय. डेकच्या काठावर लाटेचं पाणी येत-जात असतं, खलाशी ओल्या पायांनीच चालतात. रिकामी असेल तेव्हा मात्र ती डब्यासारखी वर येते आणि वाऱ्याला लागते, तेव्हा सांभाळणं जास्त कठीण.

म्हणजे बार्ज परत करायची. मी आधी लांबी पन्नासेक मीटर धरली होती, म्हणजे मॉडेलवर ५७ सेमी. वीस सेमीच्या पाण्याच्या पट्टीत ५७ सेमीची बार्ज उभी राहते खरी, पण वळणार कशी हे मामाने विचारलं. मी म्हटलं ती वळत नाही, ती चिकटवलेली असणार. त्यावर तो काही बोलला नाही.

३ फेब्रुवारी

पाण्याची पट्टी तीस सेमी केली. लूप लाइन थोडी कापावी लागली.

मला जो प्रश्न सतावत होता तो मामाला विचारलाच. स्टेशन तिथे, खाण जवळ, रूळ सरळ मुरगाव धक्क्यापर्यंत, मग सगळं खनिज ट्रेननेच का नाही गेलं? नदीतून कशाला? काही जायचंच म्हणा ट्रेनने, आणि नंतर होस्पेट-बळ्ळारीकडचं खनिज तर घाट उतरून याच लाइनने मुरगावला यायचं. पण गोव्याचं स्वतःचं बहुतेक खनिज पाण्यानेच गेलं. मामाचं उत्तर एका वाक्यात होतं, नदीला तिकीट नाही. मग मी स्वतः हिशोब मांडला. पाचशे टनांची एक बार्ज म्हणजे मीटरगेजच्या पंचवीस-तीस चारचाकी वाघिणी. एवढी एक मालगाडीच झाली, तीही एकेरी लाइनवर, समोरून पॅसेंजर येणार म्हणून सायडिंगला थांबून. आणि धक्क्यावर पोचल्यावर वाघिणी रिकाम्या करा, ढीग लावा, परत जहाजात भरा. बार्ज काय करते, तर थेट जहाजाच्या कुशीत जाऊन उभी राहते, आणि जहाज मधे नांगरलेलं असलं तरी चालतं, त्याला धक्क्यावर जागा मिळायची वाट बघावी लागत नाही. शिवाय डिचोली-साखळीकडच्या खाणींच्या आसपास रेल्वे नव्हतीच, होती ती मांडवी आणि तिच्या उपनद्या. आमोणा, सारमानस, अशा ठिकाणी ट्रक यायचे आणि बार्ज भरायच्या. दक्षिणेत झुआरीवर आमचं सावर्डे-कुडचडे.

म्हणजे ट्रेन मेन आयटम नाहीच की काय. हे मला जरा झोंबलंय.

९ फेब्रुवारी

आज पौष अमावास्या. आईने सकाळी आठवण करून दिली, आज बोरी-दुर्भाटकडे मानगे थापणी. चिखलाची मगर थापतात, शिंपल्यांचे डोळे-खवले लावतात, पूजा करतात. त्या भागात खरोखर मगरी आहेत, कुंभारजुव्याच्या कालव्यात तर पर्यटकांना होडीतून दाखवतात. हा कालवा साधारण सतरा किलोमीटरचा, मांडवी आणि झुआरी यांना जोडणारा, आणि बार्जवाल्यांचा जीव की प्राण. कारण असं की पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादच्या वाळूच्या दांड्यावर समुद्र फुटतो, तिथून बार्ज बाहेर काढणं म्हणजे आत्महत्या, मग मांडवीतली बार्ज मागच्या दाराने, म्हणजे कुंभारजुव्यातून, झुआरीत यायची आणि तिथून मुरगावला, जिथे ब्रेकवॉटरचा, म्हणजे लाटा अडवणाऱ्या बांधाचा, आडोसा आहे. मामा म्हणतो बाणास्तरीच्या पुलाखालून जाताना पाण्याकडे एक डोळा आणि पुलाकडे एक डोळा, आणि मगर काठावर उन्हात तोंड उघडून पडलेली, तिला काही घेणंदेणं नाही.

आता सरकारी कागदात हे सगळे राष्ट्रीय जलमार्ग आहेत, कालवा २७ नंबर, मांडवी ६८, झुआरी १११. नंबर मिळायला बराच उशीर झाला.

मगर करणार. १:८७ मध्ये तीन मीटरची मगर साडेतीन सेमी, टूथपिक आणि एम-सील. सावर्ड्याला मगर होती का हे मामाला विचारणार नाही, नाही म्हणाला तर काय घ्या.

१७ फेब्रुवारी

रेझिनचं पाणी ओतलं आणि वाट लावली. पॅकेटवर स्पष्ट लिहिलंय पातळ थर द्या, मी घाईत दोन सेमी एकदम ओतलं. अर्ध्या तासात ते तापलं, हात लावता येईना, खालचा थर्माकोल वितळून आत खड्डा पडला आणि वर तडे गेले. वास घरभर. बायको म्हणाली नदी अशीच असते का तुमच्याकडे, उकळणारी. सगळं कानशीने खरवडून काढतोय, दोन दिवस गेले.

खरवडल्यावर एक गोष्ट चांगली झाली, नदीचा तळ आता सपाट नाहीये. मधे खोल, काठाला उथळ. बहुतेक खरी नदी अशीच असते.

२५ फेब्रुवारी

खनिजाचा रंग. पोस्टर कलरने जमत नाही, लाल विटेसारखं दिसतं. मागच्या खेपेला मामाने खऱ्या खनिजाची भुकटी एका फरसाणच्या बरणीत दिली होती, ती चहाच्या गाळणीतून चाळली. चाळलेली बारीक धूळ ट्रकच्या टपावर, जेट्टीच्या भिंतीवर, स्टेशनच्या कौलांवर, माडाच्या झावळ्यांवर. जाड खडे बार्जमध्ये. प्रकार असा आहे की ही भुकटी हाताला लागली की दोन दिवस जात नाही, नखांच्या कडेला जांभळट लाल रेघ राहते, आणि तिला एक लोखंडी वास आहे, ओल्या तव्यासारखा. त्या वासाने मला एकदम आजोळचं अंगण आठवलं जिथे वाळत घातलेली पांढरी बनियन संध्याकाळी गुलाबी व्हायची. आता आमच्या ओट्यावर तशीच रेघ आहे आणि त्यावरून घरात बोलणी खाल्लेली आहेत, चाळणी वेगळी घ्यायला हवी होती हे मान्य.

९ मार्च

आजच्या तारखेला मॉडेलला हात लावला नाही, फक्त वाचलं, कारण हा किस्सा मुरगावच्या कामकरी बोटींच्या यादीत मला सगळ्यात भारी वाटतो. १९४३, मार्चची ९ तारीख, रात्र. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून मुरगावला जर्मन जहाजं येऊन आसऱ्याला बसलेली, एहरनफेल्स, ड्राखेनफेल्स, ब्राउनफेल्स, आणि एक इटालियन आन्फोरा. एहरनफेल्सवरच्या चोरट्या रेडिओवरून ब्रिटिश जहाजांची ठिकाणं पाणबुड्यांना कळवली जातात असा संशय. आता तटस्थ बंदरात नौदल तर पाठवता येत नाही, मग इंग्रजांनी कोणाला पाठवलं, तर कलकत्ता लाइट हॉर्स म्हणजे हौशी घोडदळ, त्यातले ऑफिसात बसणारे, पोट सुटलेले साहेब. आणि कशातून, तर फीबी नावाच्या हॉपर बार्जमधून! हॉपर बार्ज म्हणजे बंदरातला गाळ काढून समुद्रात नेऊन टाकायची बोट, तळ उघडतो आणि गाळ खाली पडतो, यापेक्षा कमी ऐटीची बोट बंदरात नसते. ती कलकत्त्याहून सगळा किनारा वळसा घालून आली, बरीच मंडळी ट्रेनने कोचीनला जाऊन तिथे चढली. एहरनफेल्सवर हल्ला झाला, जहाज बुडालं, ते बघून बाकीच्या जहाजांवरच्या लोकांनी आपापली जहाजं स्वतःच पेटवून बुडवली.

गाळाच्या बोटीने चार जहाजं घालवली. मामाला सांगितलं तर म्हणाला, बार्जीक कोण विचारता, म्हणूनच जमलें.

१६ मार्च

आज इंजिन संपवलं. वायजी म्हणून खपेल, जाणकाराने दोन फुटांवरून बघावं. चालवून बघितलं, वळणावर टेंडर, म्हणजे मागचा कोळसा-पाण्याचा डबा, रुळावरून उतरतं.

आणि आज एक जुनी गोष्ट डोक्यात नीट बसली. १९५५ ला भारताने गोव्याची नाकेबंदी केली, गाड्या सीमेपलीकडे जाणं बंद. त्याआधी कुळ्याला पोर्तुगीज तपासणी, वर कॅसल रॉकला दुसऱ्यांची तपासणी, मुंबईहून सुट्टीला येणाऱ्यांच्या ट्रंका उघडायच्या-बंद व्हायच्या. तेही थांबलं. ज्या घाटासाठी एवढा खटाटोप केला, करंजोळ, दूधसागर, सोनावळी, बोगदे, धबधब्यासमोरचा पूल, त्या घाटावर शुकशुकाट. आणि नेमक्या त्याच वर्षांत गोव्यातलं खनिज जोरात सुटलं. जपानला युद्धानंतर पोलाद करायचं होतं, तिकडून यंत्रं आली, टोपल्या-फावड्यांच्या खाणीत मशिनं आली, आणि माल नदीतून बंदरात, बंदरातून जपान आणि युरोप. लाकडी पडावांच्या जागी लोखंडी बार्ज आल्या. घाटातली लाइन तोडली म्हणून गोव्याचा धंदा बसला नाही, कारण धंदा घाटाकडे जातच नव्हता, तो पाण्याच्या उताराने खाली जात होता.

पाण्याची पट्टी चाळीस सेमी. सायडिंग गेलं.

३० मार्च

जेट्टीची भिंत. चिऱ्याची, म्हणजे सनबोर्डवर पेनने चिरे कोरायचे, वरून गेरू, त्यावर काळपट वॉश. पाचशेच्या वर चिरे कोरले असतील, नंतर मोजणं सोडलं. ट्रक उलटा येऊन काठाशी थांबलाय, मागचं फाळकं उघडं, खाली बार्ज. एक माणूस बाजूला उभा राहून हात हलवतोय, कारण असा एक माणूस नेहमी असतो.

बार्जवर भंडाऱ्याची, म्हणजे स्वयंपाक्याची, चूल केली, केबिनच्या मागे, आणि दोरीवर वाळत घातलेले बांगडे. बांगडा चार मिलिमीटरचा. दिसतो!

१३ एप्रिल

आता १९७९ चं काय करायचं हा वाद माझा माझ्याशीच चाललाय. १९७९ ला मुरगावच्या नऊ नंबरच्या धक्क्यावर यांत्रिक प्लांट सुरू झाला, बार्ज आली की ग्रॅबने उपसा, पट्ट्यावरून ढिगावर, ढिगावरून जहाजात. त्यानंतर बार्ज मोठ्या होत गेल्या, हजार-दोन हजार टनांच्या. मी १९७५ धरलंय म्हणजे हे सगळं अजून यायचंय. लोभ होतो एखादी मोठी बार्ज करायचा पण नको.

पुढचं सगळ्यांना माहीतच आहे. २०१०-११ ला पाच कोटी टनांच्या वर निर्यात, मग २०१२ ला खाणींवर बंदी, बार्ज नदीकाठी बांधून ठेवलेल्या, पत्रा फुगून पापुद्रे सुटतात तशा. २०१८ ला सुप्रीम कोर्टाने खाणींचे ८८ लीज रद्द केले. मामा त्याच्या थोडं आधी रिटायर झाला. धूळ गेली हे चांगलं झालं असं आई म्हणते, तिची बनियन गुलाबी व्हायची ना. मामा यावर गप्प असतो, आणि खाणीच्या वरच्या अंगाला ज्यांच्या शेतात गाळ भरला ते लोक दोघांपेक्षा वेगळं बोलतील. मॉडेलमध्ये मी एक शेत दाखवलंय काठाला, हिरवं नाही, तांबूस तपकिरी. एवढंच जमतंय.

५ मे

मामा पुण्यात आलाय, डोळ्याच्या ऑपरेशनला. ऑपरेशन झालं, हिरवी पट्टी सुटली, आणि पहिलं काम म्हणजे स्टूल ओढून माझ्या नदीसमोर बसला. बराच वेळ काही बोलेना. मग बोट न लावता, नुसतं जवळ नेऊन, बार्जच्या दोरीकडे दाखवलं.

मी दोऱ्या छान ताणून बांधल्या होत्या, सुतासारख्या सरळ. त्याचं म्हणणं, आता भरती किती? मी म्हटलं म्हणजे? तर म्हणे बार्ज भरलीय म्हणजे ती आता भरतीच्या डोक्यावर निघणार, तेव्हाच वरच्या उथळ जागा पार होतात, मग ओहोटाबरोबर खाली मुरगावपर्यंत, आणि येताना रिकामी, पुढच्या भरतीबरोबर वर. मग पाणी पूर्ण भरलेलं हवं. आणि तू भिंतीवर ओली रेघ पाण्याच्या वर दोन बोटं काढलीयस, म्हणजे पाणी उतरलंय. म्हणजे हिची वेळ टळली. आता ही उद्याशिवाय हलत नाही, आणि दोऱ्या अशा ताणलेल्या ठेवून पाणी आणखी उतरलं तर कडं उपटून येईल.

मी विचारलं भरतीची वेळ कशी कळायची, टाइमटेबल असायचं का. "उदकाक विचार, म्हाका कित्याक विचारता?" असं म्हणून मग सांगितलंच. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला अकरा-बाराच्या सुमारास, ते उधाण, पाणी सगळ्यात जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी वर चढतच नाही धड, तेव्हा बार्ज थोडी कमी भरायची. स्टेशनवरची गाडी घड्याळावर आणि खाली नदीतली बार्ज तिथीवर, दोनशे पावलांच्या अंतरात. त्याने हे काही मोठं सांगतोय अशा सुरात सांगितलं नाही, तो पपई खात होता.

मग त्याचं लक्ष स्टेशनच्या घड्याळाकडे गेलं. नवीन डोळा ना, सगळं दिसतंय. मी तिथे दहा वाजून दहा मिनिटं रंगवलीत, दुकानातल्या घड्याळांत असतात तशी, का ते मलाही माहीत नाही. मामाने बोटांवर मोजलं. "त्रयोदशी-चतुर्दशी. बरें आसा, उदक आसा."

११ मे

ओली रेघ पुसून पाण्याच्या पातळीला आणली, वर फक्त उधाणाचा जुना पांढरट डाग ठेवला. दोऱ्या सैल केल्या, पुढची तर सोडूनच टाकलीय, एका खलाशाच्या हातात दिली. भरती आहे म्हटल्यावर काठाचा चिखल दिसायला नको, तो झाकला, आणि त्याबरोबर मगरही गेली, साडेतीन सेमीची. नाकपुड्या वर ठेवल्यात.

बार्जला वळायला जागा हवी म्हणून रूळ अजून आठ सेमी कापले. आता लूप नाही, सायडिंग नाही, एक सरळ लाइन मागच्या कडेने जाते आणि तिच्यावर इंजिन उभं आहे. टेंडर आता उतरत नाही, वळणच राहिलं नाही.

मामा सोमवारी परत जाणार. स्टेशनमास्तरच्या खोलीत भिंतीवर कॅलेंडर लावायचं राहिलंय.